पाऊल कुणाचे, आवाज कुणाचा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या बोदवडला एक पाहुणा आला. पाहुणा कसला, आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेला मुलगा. मराठीच्या तासाला फळ्याकडे न बघता खिडकीबाहेर कान देऊन बसतो, म्हणून मी त्याला कित्येकदा बाकावर उभा केलेला. पुढे तो चित्रपटाचे शिक्षण घ्यायला पुण्याकडे गेला, आणि आता शेवटच्या वर्षाला त्याला स्वतःचा एक छोटा अनुबोधपट करून दाखवावयाचा होता. विषय त्यानेच निवडला होता : चित्रपटातला आवाज.

"म्हणजे गाणी का रे?" मी विचारले.

"नाही सर. गाणी आणि संवाद सोडून जे उरतं ते."

गाणी आणि संवाद वजा केल्यावर आपल्या चित्रपटात उरते काय, असा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण जुन्या विद्यार्थ्यापुढे आपले अज्ञान उघडे करण्याची आम्हा शिक्षकांची रीत नाही. मी गंभीरपणे मान हलवली.

त्याच्या सामानात एक लांब काठी होती आणि काठीच्या टोकाला करड्या केसांचे एक बोंडके. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून मायक्रोफोनला घातलेले ते झबले होते; पण गल्लीतल्या पोरांनी ते पाहताच "मुंगूस! मुंगूस!" असा गिल्ला केला, आणि त्याची पहिली सकाळ त्या पोरांना गप्प करण्यातच गेली. तीन दिवस मी त्याच्याबरोबर हिंडलो. बाजारात गेलो, स्टेशनावर गेलो, शेतात गेलो. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे कापसाची धांदल असते. त्याला कापूस वेचण्याचा आवाज हवा होता. मी जन्मभर कापसाच्या मुलखात राहिलो, पण वेचणीला आवाज नसतो ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. बोंडातून कापूस सुटतो तो अगदी मुकाट. ऐकू येते ती वाळल्या पानांची कुरकुर आणि बायांच्या गप्पा. तोच कापूस जिनिंगमध्ये पोचला, की रुळांच्या धडधडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. शेतात मुका असलेला कापूस गिरणीत माणसाला बहिरा करून सोडतो. एवढे साधे वाक्य मला माझ्या कुठल्याही कादंबरीत लिहिता आले नव्हते, कारण मी कापूस नेहमी पाहत आलो होतो. ऐकला कधी नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याने शाळेची किल्ली मागितली. सुटीतल्या रिकाम्या वर्गात त्याने काठी उभी केली, मला दाराशी बसवले आणि म्हणाला, "सर, आता एक मिनिट काही बोलू नका. जरा श्वासही हळू घ्या."

"कशाचा आवाज घेतो आहेस?"

"इथल्या शांततेचा."

मला हसू आले. ज्या वर्गात इतकी वर्षे मी "शांतता! शांतता!" म्हणून छडी आपटली, तिथली शांतता एक मुलगा डबीत भरून नेत होता. नंतर त्याने समजावून सांगितले. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. आमच्या वर्गाला पत्र्याचे छप्पर, दोन फुटकी तावदाने आणि पलीकडे निंब. त्या सगळ्यांचा मिळून एक बारीकसा स्वर तिथे सतत वाजत असतो. चित्रपट जोडताना दोन वाक्यांच्या मध्ये जर अगदी कोरी, निर्जीव जागा राहिली, तर प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी तुटले असे वाटते. म्हणून त्या जागेचीच शांतता तिथे भरावी लागते. कोऱ्या कागदालाही पोत असतो, तसेच हे.

मी चित्रपटाचा जाणकार नव्हे. पण त्या मुलाच्या नादाने मी वर्षभर चित्रपट कानांनी बघायला शिकलो. त्यातून जे हाती लागले, आणि अखेर त्याच्या त्या एकवीस मिनिटांच्या अनुबोधपटावरून आमच्या दोघांत जो वाद झाला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

*

आपल्या बोलपटाचा जन्मच मुळी आवाजाशी भांडत झाला. अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्याचे चित्रण बरेचसे मध्यरात्रीनंतर झाले, कारण स्टुडिओला लागूनच आगगाडीचे रूळ होते आणि दिवसा गाड्यांचा खडखडाट माइकमध्ये शिरे. आमचे बोदवडही भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. दोन मालगाड्यांच्या मधली शांतता पकडण्यासाठी आमचा मुलगा घड्याळ लावून बसे. इराणींचा तो पहिला बोलपट आज कुठेही शिल्लक नाही. पण गाडीचा भोंगा झाला की हातातले काम थांबवून वाट बघायची ही रीत मात्र इतक्या वर्षांनी बोदवडला पोचली.

पुढच्याच वर्षी, 1932 साली, कोल्हापूरच्या 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. शांतारामबापू, दुर्गाबाई खोटे, गोविंदराव टेंबे ही नावे त्यासंबंधात आपल्याला पाठ असतात. 'प्रभात'मध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू ज्यांनी अंगावर घेतली ते विष्णुपंत दामले मात्र चटकन आठवत नाहीत. आठवले तरी फत्तेलालांच्या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित करणारे म्हणून आठवतात. ते हाडाचे चित्रकार. पडदे रंगवणारा माणूस आवाजाच्या यंत्रापाशी जाऊन बसतो आणि ते यंत्र आपलेसे करतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वीरेंद्र वळसंगकर यांनी त्यांच्यावर जो अनुबोधपट केला त्याचे नाव 'बोलपटांचा मूकनायक' असे आहे. आवाज सांभाळणाऱ्या सगळ्याच माणसांना ते नाव शोभेल. त्यांचे काम चांगले झाले की ते कुणाच्या ध्यानात येत नाही; बिघडले की सगळे थिएटर ओरडते.

याच 'प्रभात'चा 1937 सालचा 'कुंकू' मी पूर्वी दोनदा पाहिलेला होता. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा तो चित्रपट. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा आणि ते लग्न मनाने न स्वीकारण्याचा तिचा निर्धार, असा त्याचा विषय. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब, एवढेच मी लक्षात ठेवले होते. मुलगा म्हणाला, "सर, पुन्हा बघा. त्यात पार्श्वसंगीत नाही."

मी पुन्हा बघितला, आणि खरेच की! गाणी आहेत, पण माणसे बोलत असताना, रडत असताना, गप्प बसली असताना मागे कुठलेही वाद्य वाजत नाही. वाजते ते घर. घड्याळ, दारे, भांडी, पावले. त्या घरात कुणाला दुःख झाले तर सारंगी रडायला लागत नाही, आणि म्हणूनच ते दुःख आपल्याला दुसऱ्याने सांगितलेले वाटत नाही. शेजारच्या घरात घडत असलेले कानावर यावे तसे ते येते. पूर्वी दोनदा पाहूनही संगीत नाही हे माझ्या लक्षात आले नव्हते, याहून मोठे प्रशस्तिपत्र त्या ध्वनियोजनेला कोणते द्यायचे? आजच्या चित्रवाणीवरच्या मालिका आठवा. सासूने भुवई उंचावली तरी तीनदा वीज कोसळते! 1937 साली जो धडा आपण गिरवला होता, तो आज आपणच विसरून बसलो आहो.

ही विसराविसर एका दिवसात झाली नाही. पुढे चित्रण स्टुडिओबाहेर, डोंगरदऱ्यांत होऊ लागले. हलके पण घरघर करणारे कॅमेरे आले. मग जागेवरचा आवाज टाकून द्यायचा आणि नटांनी मागाहून मुंबईच्या बंद खोलीत आपल्याच ओठांकडे बघत संवाद पुन्हा म्हणायचे, अशी वहिवाट पडली. शेतात उभी असलेली नायिका बोलते, पण तिच्या आवाजात शेत नसते, वारा नसतो, धाप नसते. जागेवरच आवाज घेण्याची जुनी रीत मोठ्या चित्रपटात पुन्हा मानाने आणली ती 2001 सालच्या 'लगान'ने. मधल्या चाळीसेक वर्षांत कित्येक खेडी पडद्यावर दिसली. त्यातले एकही आपण धड ऐकले नाही.

*

आता मुलाच्या अनुबोधपटाविषयी.

त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात त्याची आई कळण्याची भाकरी थापते आहे. बस्स, एवढेच. एकच दृश्य, चाळीस सेकंदांचे. पण ते तो तीनदा दाखवतो. पहिल्यांदा मुके. भाकरी करणारी एक बाई, आपण बघतो आणि विसरतो. दुसऱ्यांदा त्याच दृश्यामागे सनई आणि सतारीचे करुण स्वर. लगेच ती बाई बिचारी वाटू लागते. तिच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडले असावे असे वाटते. तिसऱ्यांदा खरा आवाज. पिठावर पडणारे हात, बांगड्या, तव्यावर पडलेल्या भाकरीचा तो ओला फुसकारा, लांबून जाणारी मालगाडी, आणि मध्येच आतल्या खोलीतून एक खोकला. तो खोकला आला की बाईचे हात क्षणभर थांबतात. मुक्या चित्रातही ते थांबले होते, पण ते आपल्याला तेव्हा दिसलेच नव्हते.

इथे मी या मुलाला मनातल्या मनात बाकावरून खाली बसवले. कॅमेऱ्याला चौकटीतलेच दिसते. घरात आणखी कोण आहे ते आवाज सांगतो. आतल्या खोलीतला आजारी माणूस एकदाही पडद्यावर येत नाही आणि तरी त्या भाकरीवर त्याचा हक्क आहे हे आपल्याला कळते. एखादा कादंबरीकार हे सांगायला दोन पाने घेईल. मी चार घेतली असती.

नागराज मंजुळ्यांच्या 'फँड्री'मध्ये (2013) हीच शक्ती किती मोठ्या कामाला लावली आहे, ते मला या खोकल्यामुळे उमगले. जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावते आहे. डुक्कर आता हाती लागणार, एवढ्यात शाळेकडून राष्ट्रगीत ऐकू येते आणि ती माणसे जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निसटून जाते. त्या प्रसंगात कुणी भाषण करीत नाही. चौकटीबाहेरून एक आवाज येतो आणि चौकटीतल्या माणसांचे हातपाय बांधून टाकतो. मी शिक्षक आहे; रोज सकाळी ते गीत म्हणून घेतो. शाळेच्या भिंतीपलीकडे ते कुणाला, काय करत असताना ऐकू जात असेल, हा विचार त्यापूर्वी मला शिवला नव्हता.

दुसऱ्या भागात मुलगा आपल्याला आवाज 'घडवणाऱ्यांच्या' खोलीत नेतो. हा भाग मुलांना फार आवडला. अमेरिकेत जॅक फोली नावाच्या गृहस्थाने 1929 च्या सुमारास पडद्यावरच्या माणसांकडे बघत पावले वाजवण्याचे तंत्र बसवले. जगभर आज त्या कलेला त्यांचेच नाव आहे. नारळाच्या करवंट्यांचा घोडा, चुरगाळलेल्या जुन्या टेपचे गवत, हे सगळे तो दाखवतो. आपल्या नाटकवाल्यांनी विंगेत पत्रा हलवून कडाडवलेल्या विजा त्या मानाने घरगुती म्हणायच्या. हा भाग गमतीचा आहे, चटपटीत आहे, पण त्यात नवे थोडे. चित्रपटाचा शिकाऊ विद्यार्थी आपली हत्यारे दाखवतो तेव्हा सुताराने रंधा दाखवावा तसे होते. आपल्याला खुर्ची बघायची असते. इथे चार मिनिटे कमी झाली असती तर काही बिघडले नसते.

तिसऱ्या भागात त्याची आजी आहे. पहाटे ती घरून निघते आणि एकटी शेताकडे चालत जाते. संवाद नाही, संगीत नाही. काळ्या मातीच्या वाटेवर तिची पावले, पऱ्हाटीतून जाताना लुगड्याची सळसळ, आणि हळूहळू उजाडत जाणारी पाखरे. पाच मिनिटे आपण एका म्हाताऱ्या बाईच्या चालण्याकडे कान लावून बसतो, आणि ते पुरे वाटत नाही.

*

उन्हाळ्यात चित्रपट पुरा झाला तेव्हा त्याने तो शाळेत दाखवला. भिंतीला धुतलेली चादर लावली. आई आली, गल्ली आली, आजी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली. चित्रपट संपला, टाळ्या झाल्या. मी मोठ्या हौसेने आजीला विचारले, "कसं वाटलं, आजी?"

ती म्हणाली, "चांगलं हाये. पन हे चालनं माह्यं नही."

सगळे हसले. मुलगा हसला नाही.

"तुमचंच तर आहे आजी, दिसत होतं ना."

"दिसते मी. वाजते दुसरंच कोनी." आणि पाय पुढे करून म्हणाली, "माह्या डाव्या पायाले विचार."

आजीचा डावा पाय गेली कित्येक वर्षे ओढत पडतो. पडद्यावरच्या पावलांत ती ओढ नव्हती. रात्री ओट्यावर बसल्यावर मुलाने सांगून टाकले. त्या पहाटे वारा इतका होता की मुंगसाचे झबले असूनही सगळा आवाज वाया गेला. आजीला पुन्हा चालवणे त्याच्या जिवावर आले. मग त्याने आजीच्या जुन्या वहाणा पायात अडकवल्या, परसात काळी माती पसरली आणि पडद्याकडे बघत तो स्वतःच चालला. ज्या पावलांनी आम्हा सगळ्यांचे डोळे पाणावले, ती बावीस वर्षांच्या एका धडधाकट मुलाची होती.

मला वाईट वाटले आणि मी ते स्पष्ट बोललो. त्याने उत्तर तयार ठेवले होते. तो म्हणाला, "सर, 'पथेर पांचाली' आठवा. हरिहर परत येतो, सर्वजया त्याच्यापुढे कोसळते, आणि तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. रायबाबूंनी तो काढून टाकला आणि तिथे तारशहनाईचा सूर घातला. ते खोटं का? 'मेघे ढाका तारा'त नीता जिना उतरते तेव्हा चाबकाचे फटके ऐकू येतात. त्या घरात चाबूक कुठे होता? आणि ज्यांनी तो फटका मारला ते ऋत्विक घटक याच पुण्याला, 'प्रभात'च्या जागेत 1960 साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते. आम्ही त्यांच्याच वंशातले."

वाद घालावा तर असा विद्यार्थ्याशी! पण मला वाटते, त्याच्या या उदाहरणांतच त्याचे उत्तर आहे. तारशहनाईचा सूर रडण्याचे सोंग घेत नाही. तो उघडपणे वाद्य म्हणूनच येतो, आणि माणसाचा गळा जिथे पुरा पडत नाही तिथे उभा राहतो. चाबकाचा फटकाही आपण चाबूक आहो हे लपवत नाही. तिथे दिग्दर्शक प्रेक्षकाला सांगतो, हा आवाज माझा आहे. बघ तुला पटतो का. आजीची पावले तसे सांगत नाहीत. ती म्हणतात, मी आजीची आहे. कथापटातल्या पावलांना मालक नसतो. ती कथेची असतात, आणि नटाच्या ऐवजी दुसरा कुणी चालला तरी कुणाचे काही जात नाही. अनुबोधपटातल्या पावलांना मालक असतो. तो कधीकधी पुढच्या रांगेत खुर्चीवर येऊन बसतो.

शिवाय दुसरी गोष्ट. या मुलाने आपल्या चित्रपटात सगळ्या जगाच्या युक्त्या उघड्या केल्या. करवंट्या दाखवल्या, टेप दाखवली. एवढी एक युक्ती मात्र झाकून ठेवली, आणि ती नेमकी स्वतःची. त्याच्या कृतीतला दोष मला विचाराल तर हा आहे. परसात तो चालला हा दोष नव्हे.

मी हे म्हटले आणि पान जिंकल्यासारखा बसलो. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग अगदी हळू म्हणाला, "सर, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या कादंबरीत आमच्याच गावातली आजी आहे. ती पुण्याची मराठी बोलते. ते डबिंग नाही का?"

*

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही.

मुलगा खरे बोलला होता. आमच्या या भागात तावडी बोलतात, लेवा गणबोली बोलतात. माझ्या आईचीही बोली तीच. आणि माझ्या तिन्ही कादंबऱ्यांतली माणसे "मी आले नाही" असे स्वच्छ बोलतात, कारण शाळेत मी मुलांच्या वह्यांतले "नही" तांबड्या शाईने खोडून "नाही" करीत आलो. लिहायला बसलो की तीच तांबडी शाई हातात येते. मी माझ्या लोकांचे चेहरे खरे काढले, घरे खरी काढली, दुःखेही बहुतेक खरी. आणि मग बंद खोलीत बसून सगळ्यांच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचा आवाज घातला. कुणी तक्रार केली नाही. करणार कोण? ज्यांचा आवाज मी काढून घेतला ती माणसे कादंबऱ्या वाचत नाहीत.

आणि हे करताना माझ्यापुढे उदाहरण नव्हते असेही नाही. आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या म्हणत, आणि घरातले कागदावर उतरवून घेत. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. सोपानदेव स्वतः कवी. आईची भाषा 'सुधारून' घेणे त्यांना काय अवघड होते? पण ती बोली त्यांनी तशीच राहू दिली. बहिणाबाईंना फार चांगला ध्वनिमुद्रक मिळाला, असे मी आता म्हणतो.

चित्रपटानेही हे आता ओळखले आहे. 'फँड्री' आणि 'सैराट' (2016) ही माणसे आपापल्या मुलखाची भाषा बोलली आणि सबंध महाराष्ट्राला ती कळली. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (2014) तर मुंबईच्या एकाच न्यायालयात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषा एकमेकींवर आदळतात, आणि कोणती भाषा कुणाला कळत नाही यावरच एका माणसाचे नशीब लोंबकळते. त्या चित्रपटातला शाहीर कोंदट खोलीत वाट बघत असतो आणि वर कायद्याची कलमे एका सुरात वाचली जात असतात. तो कंटाळवाणा सूर हीच तिथली शिक्षा आहे. सगळ्यांना एकाच स्वच्छ भाषेत बोलायला लावले असते, तर त्या चित्रपटात सांगण्यासारखे काही उरलेच नसते.

तेव्हा मुलाचा आणि माझा दोष एकाच जातीचा निघाला. त्याला वाऱ्याने छळले, मला तांबड्या शाईने. फरक इतकाच की त्याच्या चित्रपटाला आजीचा कान लाभला. माझ्या कादंबऱ्यांना लाभला नाही.

पावसाळ्यात त्याने चित्रपटाची नवी प्रत धाडली. पहिले दोन भाग तेच. दुसरा मात्र तीन मिनिटांनी आखडला आहे. तिसऱ्या भागात आजी पहाटे निघते, चालू लागते, पावले वाजू लागतात. मग अचानक चित्र बदलते. परसात काळी माती पसरली आहे. मुलगा आजीच्या वहाणा घालून चालतो आहे, आणि बाजेवर बसून आजी त्याला शिकवते आहे. "अशी नही. डावा पाय ओढ. अजून. आता थांब, मी तिथं दम खाते." तो पुन्हा चालतो. ती डोळे मिटून ऐकते. पाचव्या खेपेला ती मान हलवते. मग पुन्हा पहाटेची वाट, पुन्हा ती पावले. आणि आता ती कुणाची आहेत हे आपल्याला ठाऊक असूनही, किंवा ठाऊक असल्यामुळेच, ती आजीची वाटतात.

हा चित्रपट स्पर्धेत जाईल, न जाईल. त्याला बक्षीस मिळाले नाही तरी चालेल असे मी म्हणणार नाही. मुलाला मिळाले तर मला हवेच आहे. पण चित्रपट कसा ऐकावा हे एका गावाला त्याने शिकवले. वाचकांनी यंदाच्या दिवाळीत फराळ झाल्यावर घरच्यांना जमवून एक खेळ करून पाहावा. आवडता चित्रपट लावा, पडद्याकडे पाठ करून दहा मिनिटे बसा आणि नुसते ऐका. त्या घरात, त्या गावात आणखी कोण कोण आहे हे कळते का बघा. काही चित्रपटांतून सगळे गाव उभे राहील. काहींतून नुसता ऑर्केस्ट्रा.

मी नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण घेऊन परवा आजीकडे गेलो. म्हटले, वाचून दाखवतो, चुकले तर सांगा. तिने बाजेवर जागा करून दिली, पदर सावरला आणि डोळे मिटले.

तिसऱ्या ओळीलाच तिने मला थांबवले.